हैदराबाद सिटी पोलीस फुटबॉल संघ : एका मास्तरांनी बांधलेली संस्था

जालन्याच्या स्मरणिकेत हा इतिहास का?

जालन्याच्या स्मरणिकेत हैदराबादच्या संघाचा इतिहास कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. हा संघ उभा राहिला आणि नावारूपाला आला, तेव्हा जालना हैदराबाद राज्यातच होते. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, निजामी राजवट संपली, तरी मराठवाडा आणखी आठ वर्षे हैदराबाद राज्यातच राहिला. इथल्या मुलाला कॉलेज म्हटले की उस्मानिया विद्यापीठ आठवे. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी आणि जालना स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. त्यामुळे १९५० च्या दशकातला हैदराबादचा फुटबॉल हा आपल्याही मागच्या पिढ्यांच्या राज्याचा फुटबॉल आहे.

दुसरे कारण आजचे आहे. कॉलेजचा किंवा खात्याचा संघ हरू लागला की दोन उपाय लगेच सुचवले जातात: बाहेरून खेळाडू आणा, नाहीतर प्रशिक्षक बदला. हैदराबाद सिटी पोलिसांनी नवा प्रशिक्षक आणला आणि खेळाडू जवळपास तिथलेच ठेवले. पुढच्या तेरा वर्षांत काय झाले, ते जिल्ह्यातल्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाने वाचावे असे आहे.

पूर्वपीठिका : छावणीचा खेळ

दख्खनमध्ये फुटबॉल लष्करी छावण्यांतून आला. सिकंदराबाद आणि बोलारम इथल्या गोऱ्या पलटणी संध्याकाळी मैदानावर उतरत आणि आसपासची पोरे कडेला उभी राहून पाहत. पुढे तीच पोरे अनवाणी खेळू लागली. जालन्यालाही हैदराबाद कंटिंजंटची मोठी छावणी होती. पण १९०३ मध्ये कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाले आणि जालन्याच्या छावणीचे ते दिवस सरले. सिकंदराबादची छावणी टिकली. तिच्या भोवती क्लब, स्पर्धा आणि प्रेक्षक तयार झाले. खेळ एका गावात रुजतो आणि दुसऱ्यात रुजत नाही, यामागे पुष्कळदा असे साधे भौगोलिक कारण असते. तिथल्या लोकांच्या अंगातल्या गुणांचा त्यात फारसा संबंध नसतो.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस शहर पोलिसांचा संघ आकाराला आला. पोलीस खात्याला दोन गोष्टी देता येत होत्या, आणि फुटबॉल खेळणाऱ्या गरीब मुलांना नेमक्या त्याच हव्या होत्या: कायमची नोकरी आणि सरावाला मैदान. शिपाई म्हणून भरती झालेल्या मुलाला पगार, गणवेश आणि शिधा मिळे. सकाळची कवायत आणि संध्याकाळचा सराव ही दोन्ही त्याच्या ड्यूटीतच धरली जात. क्लबच्या खेळाडूला जे सुख नव्हते ते पोलिसाला होते. उद्याच्या भाकरीची चिंता न करता त्याला खेळता येई.

दोन पराभव

नोकरी आणि मैदान होते, खेळाडूंत कसबही होते, पण मोठ्या सामन्यात कमी पडत होते. राज्याचा संघ बव्हंशी याच शहराच्या खेळाडूंवर उभा होता. १९४९ मध्ये संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात कोलकात्याला बंगालने हैदराबादला ५-० असे धुतले. पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रतिस्पर्धी, पुन्हा अंतिम सामना, आणि पुन्हा पराभव, या वेळी १-०. अंतिम फेरीपर्यंत पोचणारा संघ दुबळा म्हणता येत नाही. पण बंगालचे खेळाडू वर्षभर कोलकात्याच्या लीगमध्ये एकमेकांशी झुंजत असत, आणि तो फरक अशा दिवशी उघडा पडे.

हे पराभव जवळून पाहणारा एक माणूस होता. सय्यद अब्दुल रहीम १९४३ पासून हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव होते. जन्म १७ ऑगस्ट १९०९, उस्मानियाचे पदवीधर, विद्यापीठाच्या संघातून खेळलेले आणि पेशाने शाळामास्तर. हैदराबादच्या अनेक शाळांत त्यांनी वर्ग घेतले आणि त्याच शाळांच्या मैदानांवर मुलांना खेळवले. १९५० मध्ये सिटी पोलिसांनी त्यांच्याकडे प्रशिक्षकपद सोपवले. संघ त्यांना ‘रहीम साहेब’ म्हणे.

नव्या प्रशिक्षकाची रीत

रहीम साहेबांनी खेळाडू बदलण्याआधी खेळाची सवय बदलायला घेतली. त्या काळी आपल्याकडे चेंडू पायाशी ठेवून तीन-चार जणांना चकवणारा खेळाडू लोकांना आवडे. मैदानाभोवतीची गर्दी त्यालाच टाळ्या देई, आणि तोही टाळ्यांसाठीच खेळे. रहीम साहेबांचे म्हणणे होते की चेंडू माणसापेक्षा नेहमीच वेगाने पळतो, तर मग त्यालाच पळवा. छोटे पास, लगेच दुसऱ्याला देणे आणि दिल्यावर रिकाम्या जागेत धावणे, हा त्यांचा धडा होता.

धडा तोंडी सांगून उतरत नाही, हे मास्तरांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी स्थानिक स्पर्धांचे नियमच बदलून पाहिले. एखाद्या स्पर्धेत ड्रिबलिंगला बंदी असे. एखादीत फक्त कमजोर पायाने खेळायचे. उजव्या पायाचा खेळाडू तिथे अडखळे, लोक हसत, पण महिन्याभराने त्याचा डावा पायही चालू लागे. आजही कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर एका पैशाचा खर्च न करता हे करता येईल. त्यासाठी लागतो तो आपले हसे होऊ देण्याइतका धीर असलेला संघ, आणि तो धीर देणारा मास्तर.

शिस्तीच्या बाबतीत ते कडक होते. वेळ, आहार, सराव यांत सूट नसे, मग खेळाडू कितीही नावाजलेला असो. आणि परदेशात काय चालले आहे याकडे त्यांचे बारीक लक्ष असे. १९५० च्या दशकात हंगेरीच्या संघाने सेंटर फॉरवर्डला थोडे मागे ठेवून बचावाची फजिती उडवायला सुरुवात केली, तेव्हा ती मांडणी त्यांनी आपल्याकडे आणली. पुढे ब्राझीलने १९५८ च्या विश्वचषकात गाजवलेली ४-२-४ ची रचनाही त्यांच्या संघांनी आत्मसात केली.

संघातील माणसे

स्मरणिकेच्या रिवाजाप्रमाणे खेळाडूंची नोंद करणे आवश्यक आहे. इथे पोलीस संघाच्या खेळाडूंबरोबर, रहीम साहेबांच्या हाताखाली तयार झालेली हैदराबाद-सिकंदराबादची आणखी काही माणसेही घेतली आहेत, कारण शहराचा फुटबॉल एकमेकांत गुंतलेला होता.

*नूर मोहम्मद.* हाफबॅक. मधल्या फळीत चेंडू हिसकावणे आणि लगेच पुढे पोचवणे, ही दोन्ही कामे करणारा माणूस. १९५२ आणि १९५६ अशा दोन्ही ऑलिम्पिक संघांत होता.

*सय्यद ख्वाजा अझीझुद्दीन, म्हणजेच अझीझ.* बचावाचा आधारस्तंभ. हाही दोन ऑलिम्पिक खेळला.

*मोइनुद्दीन.* पोलिसांच्या आघाडीचा खेळाडू. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिक संघात होता.

*लईक आणि अँथनी पॅट्रिक.* पोलिसांच्या सलग विजयांच्या वर्षांतली नावे. मुसलमान, ख्रिस्ती आणि हिंदू खेळाडू एकाच गणवेशात खेळत. १९४८ नंतरच्या हैदराबादमध्ये ही काही छोटी गोष्ट नव्हती.

*झुल्फिकारुद्दीन.* वयाने लहान, चणीने लहान, पण चपळ. विशीच्या आसपास असतानाच १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला गेला.

*यूसुफ खान.* बचावात, मध्यात, आघाडीवर, जिथे उभे कराल तिथे खेळणारा. रोम ऑलिम्पिक आणि जकार्ता आशियाई स्पर्धा दोन्हींच्या संघांत होता. एकाच माणसाला अनेक जागा शिकवायच्या, हा रहीम साहेबांचा आग्रह त्याच्या रूपाने पाहता येतो.

*तुलसीदास बलराम.* सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा वस्तीतला, गरीब घरचा. हैदराबादला सरावाला रोज यायचे तर येण्याजाण्याचा खर्च झेपणारा नव्हता. रहीम साहेबांनी सायकलीची सोय करून दिली. राज्य संघाकडून तो गाजला, मग ईस्ट बंगालकडे गेला आणि भारताच्या सर्वकालीन उत्तम आघाडीवाल्यांत गणला गेला. १६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्याचे निधन झाले.

*पीटर थंगराज.* सिकंदराबादच्या क्लबांतून पुढे आलेला. लष्करात गेल्यावर सेंटर फॉरवर्डचा गोलरक्षक झाला, आणि १९५८ मध्ये आशियातला सर्वोत्तम गोलरक्षक ठरला.

या यादीत शेठजींचा मुलगा नाही, बाहेरून मोठ्या रकमेला आणलेला खेळाडू नाही. बहुतेक सारे शिपाई, जवान किंवा वस्तीतली पोरे.

विजयपट

नवा प्रशिक्षक आला त्याच वर्षी, १९५० मध्ये, पोलिसांनी मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. ही स्पर्धा १८९१ पासूनची. सुरुवातीची कित्येक दशके तिच्यावर गोऱ्या पलटणींचीच मक्तेदारी होती, आणि ती मोडून १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स हा पहिला भारतीय विजेता ठरला होता. अशा स्पर्धेत हैदराबादच्या पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे चषक नेला. कूपरेजवर दरवर्षी हीच मंडळी येत आणि चषक घेऊन परत जात. असा सलग पाच वर्षांचा पराक्रम रोव्हर्समध्ये दुसऱ्या कोणाला जमला नाही.

मुख्य यश असे :

रोव्हर्स कप : १९५०, १९५१, १९५२, १९५३, १९५४, १९५७. पुढे आंध्र प्रदेश पोलीस या नावाने १९६०, १९६२ (ईस्ट बंगालसह संयुक्त) आणि १९६३.

ड्युरँड कप : १९५०, १९५४, १९५७, आणि आंध्र प्रदेश पोलीस म्हणून १९६१.

यातला १९५० चा ड्युरँड विशेष. युद्ध आणि फाळणीमुळे बंद पडलेली ही स्पर्धा दिल्लीत त्या वर्षी पुन्हा सुरू झाली, आणि अंतिम फेरीत पोलिसांनी मोहन बागानला हरवले. संतोष करंडकात बंगालपुढे मान खाली घालावी लागलेल्या शहराने कोलकात्याच्या सर्वांत मानाच्या क्लबाला हरवणे, हे त्या हिशेबाचे पहिले फेडणे होते.

संतोष करंडक आणि बदललेली सीमा

राज्य संघाला मात्र थांबावे लागले. १९५६-५७ च्या हंगामात हैदराबादने त्रिवेंद्रमला संतोष करंडक जिंकला, अंतिम सामन्यात मुंबईचा ४-१ असा पराभव करून. पुढच्या हंगामात हैदराबादलाच अंतिम सामना झाला. पुन्हा समोर मुंबई, पुन्हा विजय, ३-१.

जालनेकरांच्या दृष्टीने यात एक गंमत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. ज्या राज्याच्या संघाची हार होताना आपल्या लोकांनी १९४९ आणि १९५० मध्ये हळहळ व्यक्त केली असेल, तोच संघ विजेता होऊ लागला तेव्हा कागदोपत्री आपण प्रतिस्पर्ध्यांच्या बाजूला गेलो होतो. भाषेने मुंबई आपली होतीच. पण सवयी, शिक्षण आणि नातीगोती हैदराबादशी जुळलेली होती, आणि ती एका तारखेला तुटत नाहीत.

भारतीय संघाचे मास्तर

पोलिसांचा प्रशिक्षक भारतीय संघाचाही प्रशिक्षक होता. १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळवले. पण इतिहासात फक्त सुवर्ण लिहून चालत नाही. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बरेच खेळाडू थंडीत अनवाणी खेळत होते. त्यानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले.

मोठ्या पराभवानंतर प्रशिक्षकाला घरी पाठवायचे, ही आजची सर्रास रीत आहे. रहीम साहेबांना मात्र पुन्हा संधी मिळाली, आणि त्यांनी संघ बूट घालून आणि मांडणी बदलून मेलबर्नला नेला. १ डिसेंबर १९५६ रोजी भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. मूळ गोव्याच्या नेव्हिल डिसोझाने त्यात हॅटट्रिक केली. उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हिया आडवा आला. नेव्हिलने पहिला गोल करून भारताला आघाडीही मिळवून दिली होती, पण शेवटी ४-१ अशी हार झाली. तिसऱ्या जागेसाठीचा सामना बल्गेरियाने ३-० असा जिंकला. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल केले त्यांच्याविरुद्ध आघाडी घेता येणे, आणि ऑलिम्पिकमध्ये चौथे येणे, याच्या पलीकडे भारतीय फुटबॉल ऑलिम्पिकमध्ये कधीच पोचला नाही.

१९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू होते. हंगेरीकडून १-२ अशी निसटती हार झाली, फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली आणि पेरूविरुद्धही हार पत्करावी लागली. संघ गटातून बाहेर पडला, पण युरोपियन संघांशी बरोबरीने झुंज दिली होती.

जकार्ता, १९६२. रहीम साहेब तोपर्यंत कर्करोगाने ग्रासले होते. पहिला सामना दक्षिण कोरियाकडून २-० असा गमावला. नंतर थायलंड आणि जपानला हरवून संघ उपांत्य फेरीत आला. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडले होते, म्हणून त्याला आघाडीवर खेळवले. हा डाव यशस्वी ठरला. दक्षिण व्हिएतनामला ३-२ असे हरवून ४ सप्टेंबरला भारत पुन्हा दक्षिण कोरियासमोर उभा राहिला. मैदानात विरोधी गर्दी होती. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांच्या गोलांनी भारताने २-१ असा सामना जिंकला. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण भारताला त्यानंतर मिळालेले नाही. त्या संघात मुंबईच्या क्लबांकडून खेळणारे फॉर्च्युनाटो फ्रँको आणि चंद्रशेखर हेही होते.

११ जून १९६३ रोजी रहीम साहेबांचे निधन झाले.

उतार

त्याच वर्षी रोव्हर्स कप आंध्र प्रदेश पोलिसांनी पुन्हा जिंकला. तो शेवटचा.

संस्थेचा इतिहास लिहिताना हा भाग टाळावासा वाटतो, पण शिकण्यासारखे इथेच जास्त आहे. पोलीस संघाची घडण एका माणसाभोवती झाली होती, आणि त्या माणसाची रीत पुढे चालवणारा दुसरा मास्तर खात्याने तयार केला नव्हता. त्याच सुमारास कोलकात्याच्या क्लबांकडे खेळाडूंचा ओघ वाढला. शिपायाच्या पगारापुढे तिथले मानधन आणि तिथली कीर्ती मोठी होती. सय्यद नईमुद्दीन हैदराबाद पोलिसांतूनच पुढे जाऊन कोलकात्याचा झाला आणि १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचा कर्णधार झाला. मोहम्मद हबीबही हैदराबादचाच. १९७७ मध्ये पेलेच्या कॉसमॉस संघाविरुद्ध तो मोहन बागानकडून खेळला. म्हणजे शहराची माती अजून खेळाडू देत होती, फक्त ते खेळाडू आता दुसऱ्यांच्या गणवेशात दिसत होते.

जे टिकले तेही नोंदवले पाहिजे. १९७० च्या त्या भारतीय संघाच्या प्रशिक्षणाची जबाबदारी पी. के. बॅनर्जींकडे होती, आणि ते रहीम साहेबांच्याच संघात घडलेले. रहीम साहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम रोमच्या संघात होते, पुढे आंतरराष्ट्रीय पंच आणि प्रशिक्षक झाले. २०२४ मध्ये ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला आणि रहीम साहेबांचे नाव साठ वर्षांनी घराघरांत पोचले.

आपल्या जिल्ह्यासाठी

जालन्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ३ आहे. आठही तालुक्यांत शाळा-महाविद्यालये आहेत आणि क्रीडाशिक्षक आहेत. म्हणजे नोकरी देणारे खाते, मैदान आणि मास्तर या तिन्ही गोष्टी, कमीअधिक प्रमाणात, आपल्याकडेही आहेत. सिटी पोलिसांकडे १९५० मध्ये याहून वेगळे काही नव्हते. त्यांनी फक्त मास्तराला वेळ दिला. तेरा वर्षे त्याच्याच हाती संघ ठेवला.

त्यांची चूक मात्र आपण टाळायला हवी. संघाच्या नोंदवहीत खेळाडूंच्या नावांबरोबर सरावाची रीतही लिहून ठेवली पाहिजे: कोणती मांडणी, कोणता सराव, कोणत्या मुलाला कोणती जागा दिली आणि का. प्रत्येक प्रशिक्षकाच्या हाताखाली एक तरुण शिक्षक पहिल्या दिवसापासून असला पाहिजे, म्हणजे पहिला निवृत्त झाला किंवा त्याची बदली झाली, तरी दुसऱ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. आणि खेळाडू चांगला निघाला की त्याला बाहेर जाऊ द्यावे, पण तो परत येऊन शिकवील अशी जागा त्याच्यासाठी इथे ठेवावी. हैदराबादला तेवढेच जमले नाही.